पात्र उभं करताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या नवोदितांच्या कथा मी बरीच वर्षं वाचतोय. गावोगावच्या साहित्य संमेलनांच्या निमित्तानं गठ्ठे येतात. कथा नव्या असतात, चुका त्याच. लेखकाला विषय सापडलेला असतो, माणूस सापडलेला नसतो.

माणसाच्या जागी सीमाप्रश्न बसवू नका

दर गठ्ठ्यात तो म्हातारा असतोच. ओसरीवर बसतो, १ नोव्हेंबरला, म्हणजे १९५६ साली आपला भाग तेव्हाच्या म्हैसूर, आजच्या कर्नाटक राज्यात गेला त्या दिवशी, काळी फीत लावतो, डोळे पुसतो आणि कथा संपते. त्याचा गुडघा दुखतो का, सुनेशी पटतं का, यंदाचं भात कितीला गेलं, काहीच कळत नाही. हा प्रश्न माझ्याही घरात तीन पिढ्या आहे. म्हणूनच तो असा फुकट गेला की जिवाला लागतं.

एका कथेत नायक पंचेचाळीस वर्षांचा होता, कथा आजची, आणि १९५६ सालचा तो दिवस त्याला जसाच्या तसा आठवत होता! लिहिणाऱ्यानं बोटं मोजली नव्हती. मी पात्राचं नाव ठरवायच्या आधी जन्मसाल लिहितो. समजा, १९४८. म्हणजे राज्य पुनर्रचना झाली तेव्हा पोरगा आठ वर्षांचा. १९६७ ला सीमावादावर नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल आला तेव्हा एकोणीसचा, नोकरीच्या शोधात. १९८६ ला कन्नडसक्तीविरोधात आंदोलन पेटलं तेव्हा अडतीसचा, घरात दोन शाळकरी पोरं. २०१४ ला कागदोपत्री बेळगावचं 'बेळगावी' झालं तेव्हा सहासष्टचा. एवढं मांडलं की दिसायला लागतं, या माणसाच्या घरात सीमाप्रश्न भाषणात येत नाही. पोरांना कुठल्या माध्यमात घालायचं, यावरून रात्री जेवताना नवरा-बायकोचं वाजतं, तिथं येतो. तो प्रसंग लिहा.

न बघितलेलं काम पात्राला देऊ नका

ही चूक मी स्वतः केली आहे. निपाणीच्या तंबाखू वखारीतल्या बाईवर कथा लिहिली होती. तिचं दारिद्र्य, शोषण, मुकादमाचा जाच, सगळं होतं. भाषाही मला त्या वेळी फार चांगली वाटली होती. ओळखीच्या एक मावशी आयुष्यभर वखारीत कामाला होत्या. त्यांना ती वाचून दाखवली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि विचारलं, "दिवसभर वखारीत बसते म्हणालास. एकदा पण शिंकत नाही काय गा ही?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं.

मग त्यांनी पदर नाकावरून घेऊन मानेमागं कसा घट्ट बांधायचा ते करून दाखवलं. घरी आल्यावर हात कितीही धुतले तरी भाकरी कडू लागायची. तान्ह्या लेकराला बोटानं घास भरवला की ते तोंड वाकडं करायचं, म्हणून त्या चमच्यानं भरवायच्या. "शेजारणी म्हणायच्या, लई शिकलेली लागून गेली, चमच्यानं भरवते." हे सांगताना त्या हसत होत्या.

माझ्या वीस पानांत नव्हती ती बाई त्या चमच्यात होती. कथा मी फाडली आणि पुन्हा लिहिली. शोषण हा शब्द नव्या खर्ड्यात एकदाही आला नाही.

तेव्हापासून माझा नेम आहे. पात्राचं काम जिथं चालतं तिथं निदान एक दिवस जाऊन बसायचं, वही न काढता. बेळगावच्या शहापूर-वडगावातल्या यंत्रमागाजवळ तासभर बसलात, की तिथली माणसं घरीही मोठ्यानं का बोलतात ते कुणी सांगावं लागत नाही. 'सर, आठवड्यात पात्र तयार करायची काही युक्ती आहे का?' असं मला विचारतात. नाही. आवडता रंग, आवडता पदार्थ, रास असले शंभर प्रश्नांचे तक्तेही भरू नका. तक्ता भरतो, माणूस होत नाही.

सगळ्यांच्या तोंडी एकच मराठी घालू नका

आपल्याकडं एकच माणूस आईशी मराठीत, बसच्या कंडक्टरशी कन्नडमध्ये आणि शेजारच्या चाचांशी हिंदी-उर्दूच्या मिसळीत बोलतो. तुमच्या कथेत मात्र तो सगळीकडं पाठ्यपुस्तकासारखा बोलतो. याच्या उलटही होतं. प्रत्येक ओळीत 'काय गा', 'काय गे' पेरतात आणि पात्राचा बाहुला होतो. मी फक्त दोनच गोष्टी ठरवतो. हा पैसे कुठल्या भाषेत मोजतो आणि चिडला की कुठल्या भाषेत जातो.

आडनावावरून भाषा ठरवू नका. पाटील, देसाई, कुलकर्णी दोन्हीकडं आहेत.

ओळखीचा माणूस जसाच्या तसा उचलू नका. गल्लीत भांडणं होतात, आणि खऱ्या माणसाची भीड पडून तुम्ही त्याच्या हातून वाईट काही घडू देत नाही. मी एकाची चाल, दुसऱ्याचा धंदा आणि तिसऱ्याचं दुखणं घेतो.

मालिकेतली सासू नको.

आणि पात्राला काहीतरी हवं असू द्या, अगदी छोटं. नुसता दुःखी माणूस कथेत पहिल्या पानावर बसतो तो उठतच नाही. त्याला सांबऱ्याची शेवटची बस गाठायची असेल, तर निदान चप्पल तरी शोधेल.