शेजारच्या मांजराने नुकसान केलं तर

आधी मांजर नक्की कोणाचं ते बघा. सोसायटीत एकसारखे दिसणारे दोन-तीन बोके असतातच, आणि चुकीचं दार वाजवलंत की पुढचं सगळं बिघडतं. फाटलेलं स्कूटरचं सीट, उकरलेली कुंडी, सगळ्याचे तारखेसह फोटो काढा. मग शेजाऱ्यांना घरी जाऊन भेटा. पहिला फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकलात, तर भरपाईचा विषय अब्रूवर जातो. अंदाजे आकडा सांगू नका, सीट-कव्हरची पावती दाखवा.

दारात उग्र वास येतो तो बहुधा नसबंदी न झालेल्या बोक्याने मारलेल्या लघवीच्या धारेचा. ५-६ महिन्यांच्या बोक्याची नसबंदी करता येते. मालकाकडे पैशांआधी हा आग्रह धरा. जागा धुऊन एन्झाइम क्लीनर (लघवीचा वास मुळापासून घालवणारं द्रावण) लावा आणि १०-१५ मिनिटं ओली राहू द्या. अमोनियावालं क्लीनर नको, त्याचा वास लघवीसारखाच. बोका परत तिथेच येतो. फिनेल आणि डांबरगोळ्या मांजराला विषारी. कुंडीतल्या मातीवर खुराड्याची जाळी अंथरा, रोपापुरतं भोक ठेवा.

ओरखडा किंवा चावा असेल, तर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठा.

शेजारी ऐकतच नसतील तर सचिवांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. विष घालायचं मात्र कोणी सुचवलं तर तिथेच थांबवा: भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली विष घालणाऱ्याला ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.