पोलादी बोल्ट, ॲल्युमिनियमचे हेड आणि तापल्यानंतरचा हिशेब

इंजिन जुळणीच्या विभागात उमेदवारी करताना पहिल्याच महिन्यात माझ्या हातून झालेली चूक या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी नोंदवत आहे. चाचणीवरून परत आलेल्या एका इंजिनाच्या ॲल्युमिनियम हेडचे (इंजिनाच्या वरच्या झाकणासारख्या भागाचे) बोल्ट सैल लागले. ते मुळातच कमी आवळले गेले असावेत असे गृहीत धरून मी टॉर्क रेंच (पिळण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, मोजून आवळणारा पाना) ठरलेल्या आकड्याच्या थोडा वर नेला. पुढच्या चाचणीनंतर बोल्ट पुन्हा सैल झाले आणि तिसऱ्यांदा आवळताना पाना अचानक हलका झाला. बोल्ट बाहेर आला तो आट्यांत ॲल्युमिनियमची वेटोळी तार घेऊनच. ब्लॉकमधले, म्हणजे हेडखालच्या इंजिनाच्या मुख्य भागातले, आटे उपटून निघाले होते.

आमच्या वरिष्ठांनी मला बोल्टच्या डोक्याखालची जागा नखाने चाचपायला सांगितली. तिथे गोल कडा लागत होती, म्हणजे डोके हेडमध्ये रुतले होते.

एक अंश सेल्सिअस तापमान वाढले की एक मीटर ॲल्युमिनियम सुमारे २३ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) वाढते, पोलाद मात्र १२ च्या आसपासच. त्यामुळे १०० मिमी जाडीचा भाग १०० अंशांनी तापला तर ॲल्युमिनियम ०.२३ मिमी आणि बोल्ट ०.१२ मिमी वाढू पाहतो, उरलेला ०.११ मिमीचा, म्हणजे जवळपास कागदाच्या जाडीइतका, फरक काही अंशी ॲल्युमिनियम दबून आणि बाकीचा बोल्ट ताणून भरून निघतो. म्हणजे गरम इंजिनात बोल्ट सैल होत नाही, उलट अधिक ताणला जातो. त्या दाबाखाली मऊ झालेले ॲल्युमिनियम चेपते आणि इंजिन थंड झाल्यावर पकड मूळच्यापेक्षा कमी भरते. मी जास्त आवळून हे चेपणे वाढवतच होतो.

आखूड बोल्टला याचा फटका अधिक बसतो, ही गोष्ट मला बरीच उशिरा उमगली. २० मिमी जाडीचा भाग धरणारा बोल्ट पुरेपूर आवळला तरी तो जेमतेम ०.०५ मिमी ताणला जातो, तेव्हा डोके ०.०२ मिमी रुतले तरी निम्म्याच्या जवळपास पकड गेली; १०० मिमीच्या बोल्टला तेवढे रुतणे फारसे जाणवतही नाही.

म्हणून डोक्याखाली कडक केलेला जाड वॉशर किंवा फ्लँज (डोक्यालाच जोडलेली रुंद कडा) असलेला बोल्ट घ्यावा, ॲल्युमिनियममध्ये आटे बोल्टच्या व्यासाच्या दुप्पट खोल ठेवावेत, आणि आवळणे व सोडवणे दोन्ही इंजिन थंड असतानाच करावे. आट्यांना तेल लावायचे की नाही हे पुस्तिकेत असेल तसेच पाळावे, कारण टॉर्कचा सुमारे नव्वद टक्के भाग घर्षणातच जातो आणि कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा तेलकट आट्यांवर वापरला तर बोल्ट नकळत फार ताणला जातो. बीएमडब्ल्यूने एन-५२ इंजिनाच्या मॅग्नेशियम-ॲल्युमिनियम ब्लॉकसाठी तर बोल्टच ॲल्युमिनियमचे घेतले, पण ते एकदाच वापरता येतात.

माझा ब्लॉक हेलिकॉइल बसवून वाचला. पोलादी तारेचे ते आटे बसवण्यासाठी भोक मोठे करून नवा टॅप (आटे पाडण्याचे हत्यार) मारताना वरिष्ठ शेजारी उभे होते, आणि टॅप काटकोनात उतरतो आहे की नाही हे ते दर अर्ध्या फेऱ्याला गुण्या लावून पाहत होते.