एचएसएच्या कार्डावर डॉक्टरची मेंबरशिप भरताय? या चुका टाळा

एचएसए म्हणजे आरोग्याच्या खर्चासाठीचं करसवलतीचं बचत खातं. त्याचं कार्ड कुणाला काही विचारत नाही. क्लिनिकच्या वेबसाइटवर नंबर टाकला की पैसे जातात. 'कार्ड चाललं, म्हणजे खर्च नियमात बसला' ही अमेरिकेतल्या आपल्या लोकांची पहिली चूक, आणि बाकीच्या बऱ्याचशा तिच्याच पोटातून निघतात. हिशेब द्यायचा असतो तुम्हालाच, टॅक्स भरताना फॉर्म ८८८९ वर.

डायरेक्ट प्रायमरी केअर म्हणजे फॅमिली डॉक्टरला दरमहा ठरलेली रक्कम द्यायची. मध्ये विमा कंपनी नाही. २०२५ पर्यंत ही मेंबरशिप म्हणजे आणखी एक हेल्थ प्लॅन धरला जायचा, आणि तेवढ्यानं एचएसएत पैसे टाकायची पात्रता जायची. ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्यानं १ जानेवारी २०२६ पासून ही अडचण काढली. पात्रता महिन्याच्या पहिल्या तारखेला बघतात, म्हणून २०२५ मध्येच मेंबर झालेल्यांनी त्या वर्षाचे महिने मोजून घ्यावेत. नवा कायदा मागे लागू होत नाही.

आता १५० डॉलरची गोष्ट. एका माणसासाठी महिन्याला १५०, एकाहून जास्त माणसांसाठी ३००, ही फीची मर्यादा आहे. अनेकांना वाटतं, फी १६५ असेल तर वरचे १५ खिशातून भरू. तसं चालत नाही. मर्यादा ओलांडली की ती मेंबरशिप या सवलतीतूनच बाहेर पडते आणि त्या महिन्यांत एचएसएत पैसे टाकायची पात्रताही जाते. दोन क्लिनिकच्या फीची बेरीज धरतात, त्यामुळे ९० आणि ८० अशा दोन मेंबरशिपही नडतात. वर्षाची फी एकदम भरली तरी महिन्याचा हिशेब करूनच बघायचं.

फी बसली, तरी आत काय काय आहे ते वाचा. मला सगळ्यात घातक वाटते ती 'औषधं फीमध्येच' ही जाहिरात. लस चालते, पण डॉक्टरनं लिहून दिलेली औषधं त्या फीत आली की करार नियमात बसत नाही. पूर्ण भूल द्यावी लागणारी प्रोसीजर आणि फॅमिली डॉक्टरकडे सहसा न होणाऱ्या लॅब टेस्टचंही तेच. औषधांचं बिल वेगळं घ्या. ते एचएसएतून सरळ भरता येतं. क्लिनिकला ईमेल करून दोनच गोष्टी लेखी मागा: महिन्याची फी किती, आणि त्यात काय येतं. उत्तर जपून ठेवा.

मेंबरशिप मिळाली म्हणून हाय-डिडक्टिबल प्लॅन, म्हणजे विमा कंपनी पैसे देऊ लागण्याआधी मोठी रक्कम (डिडक्टिबल) स्वतः भरावी लागते तो विमा, सोडणारेही भेटतात. तो नसेल तर एचएसएत नवे पैसे टाकता येत नाहीत. २०२६ साठी त्याचं डिडक्टिबल एकट्याला किमान १,७०० आणि कुटुंबाला ३,४०० डॉलर हवं. शिवाय हॉस्पिटलचं बिल डॉक्टरची मेंबरशिप भरणार नाही. नवरा किंवा बायकोच्या कंपनीत सर्वसाधारण एफएसए (कंपनीमार्फत मिळणारं, आरोग्याच्या खर्चाचं करसवलतीचं खातं) असेल आणि त्यातून तुमचाही खर्च निघू शकत असेल, तर तुमची पात्रता तिथेच अडते. हे घरात एकमेकांना विचारायचं राहूनच जातं. मेंबरशिपची फी कंपनी भरत असेल, किंवा ती तुमच्या पगारातून प्री-टॅक्स (कर लागण्याआधी) कापली जात असेल, तर तीच फी पुन्हा एचएसएतून काढता येत नाही.

न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियात आपली माणसं भरपूर, आणि नेमकी हीच दोन राज्यं एचएसएला राज्याच्या करात सूट देत नाहीत. तिथे बचत मोजताना फक्त फेडरल कर धरा.

चूक झालीच तर? नियमाबाहेरच्या खर्चावर प्राप्तिकर आणि वयाची ६५ वर्षं होण्याआधी वर २० टक्के दंड. पात्रता नसताना टाकलेल्या पैशांवर, ते खात्यात राहतील तितकी वर्षं, दरवर्षी ६ टक्के. ते पैसे त्यांवरच्या कमाईसकट रिटर्नच्या मुदतीआधी काढून घेतले तर हा ६ टक्क्यांचा भुर्दंड टळतो. चुकून केलेला खर्च खात्यात परत भरता येतो का, हे खातं सांभाळणाऱ्या कंपनीला विचारा. असे पैसे परत घेण्याची सक्ती तिच्यावर नाही.

आणि आई-बाबा. व्हिजिटर व्हिसावर चार महिन्यांसाठी आले की 'फॅमिली मेंबरशिपमध्ये त्यांनाही टाकू' हा विचार हमखास येतो. डॉक्टर आनंदानं घेतीलही. पण करासाठी ते सहसा तुमचे आश्रित ठरत नाहीत, म्हणून त्यांची फी साध्या बँक कार्डावर, वेगळ्या मेंबरशिपमध्ये भरा.