सिरीयल टर्मिनल कोरंच राहतंय? या चुका टाळा

एफपीजीएवर (आतलं सर्किट आपल्याला हवं तसं घडवता येतं अशा चिपवर) स्वतःची प्रोसेसर सिस्टीम उभी केली, यूआर्ट (एकेक बिट करून डेटा पाठवणारं सर्किट) जोडला, 'हॅलो' छापणारा प्रोग्राम चढवला, आणि टर्मिनलवर काहीच नाही. लगेच सी कोड उसवायला घेऊ नका. स्क्रीन कोरी आहे की भलतीच अक्षरं उमटताहेत, हे आधी बघा. दोन्ही दुखणी वेगळी आहेत.

भलती अक्षरं आली तर निम्मी लढाई जिंकलीत. प्रोसेसर चालतोय, वायरही बहुधा बरोबर आहे, चुकतोय तो बॉड रेट, म्हणजे सेकंदाला किती बिट जातात तो वेग. नव्वद टक्के लक्ष इथे क्लॉककडे (सर्किटला ताल देणाऱ्या सिग्नलकडे) द्या. मायक्रोब्लेझ या एफपीजीएमध्ये बसवायच्या प्रोसेसरसोबतच्या यूआर्ट लाइटमध्ये बॉड रेट हार्डवेअर तयार करतानाच पक्का होतो, सॉफ्टवेअरमधून बदलत नाही. डिझाइनमध्ये 100 मेगाहर्ट्झ लिहिलंय आणि प्रत्यक्षात 50 पोचताहेत, तर 115200 ऐवजी 57600 ने डेटा निघतो. टर्मिनल 57600 वर ठेवून बघा. मजकूर स्वच्छ दिसला तर दोष सापडलाच.

ऑसिलोस्कोप असेल तर 'U' हे अक्षर सलग पाठवा. त्याच्या बिटांमध्ये 0 आणि 1 आलटून पालटून येतात, त्यामुळे सरळ चौकोनी लहर दिसते. 115200 ला एक बिट साधारण 8.68 मायक्रोसेकंदांचा हवा. मला ही युक्ती फार आवडते, कारण इथे अंदाजाला जागाच उरत नाही.

स्क्रीन कोरी असेल तर टीएक्स (डेटा पाठवणाऱ्या) पिनवर मल्टिमीटर लावा. काही पाठवत नसतानाही तिथे 3.3 व्होल्ट (किंवा त्या पिनचा जो व्होल्टेज असेल तो) दिसायला हवा. शून्य दिसला तर पिन नेमणुकीची फाइल तपासा. व्होल्टेज ठीक असेल तर टीएक्स समोरच्या आरएक्सला (डेटा घेणाऱ्या पिनला) गेलाय का आणि दोन्ही बोर्डांचा ग्राउंड एक आहे का, ते पाहा. आरएस-232 चं (जुन्या पद्धतीचं सिरीयल) पोर्ट मात्र एफपीजीएच्या पिनला थेट कधीच जोडू नका. त्यावर ऋण व्होल्टेजही येतो, पिन जळते. मधे व्होल्टेज जुळवणारा लेव्हल कन्व्हर्टर हवाच.

वायरिंग चोख असूनही शांतता? मग प्रिंटएफला (सी मधल्या मजकूर छापणाऱ्या फंक्शनला) बाजूला ठेवा आणि यूआर्टच्या ट्रान्समिट रजिस्टरमध्ये थेट एक अक्षर लिहा. ते दिसलं तर हार्डवेअर निर्दोष. आता एसटीडीआउट (प्रिंटएफचा मजकूर जिथून बाहेर पडतो ती वाट) भलत्याच पेरिफेरलला, म्हणजे प्रोसेसरला जोडलेल्या दुसऱ्याच भागाला, जोडलंय का ते बघा. प्रिंटएफला मेमरीही बरीच लागते. छोट्या ऑन-चिप रॅममध्ये स्टॅक (फंक्शनना कामापुरती लागणारी मेमरी) तोकडा पडला की प्रोग्राम तिथेच अडकतो. काही लायब्ररींत नवी ओळ येईपर्यंत मजकूर बफरमध्येच थांबतो, म्हणून शेवटी '\n' द्या.

थेट लिहिलेलं अक्षरही दिसलं नाही, तर यूआर्टचा पत्ता तपासा. हार्डवेअरमध्ये पत्ता बदलून बीएसपी (बोर्ड सपोर्ट पॅकेज, म्हणजे हार्डवेअरचे पत्ते आणि ड्रायव्हर प्रोग्रामला पुरवणारा कोड) नव्याने तयार करायचं राहिलं, तर प्रोग्राम जुन्याच पत्त्यावर लिहीत बसतो. ही चूक अनुभवी माणसांकडूनही होते.

आणि ओळी जिन्यासारख्या तिरक्या उतरत असतील तर फक्त '\n' जातोय, त्याच्याआधी '\r' (कर्सर ओळीच्या सुरुवातीला नेणारं चिन्ह) जोडा.