पिवळ्या पाटीवरची वेळ

स्वित्झर्लंडच्या डोंगरवाटांवर पिवळ्या पाट्यांवर किलोमीटर नसतात, वेळ असते. तीही न थांबता चालण्याची! कांडरस्टेगजवळच्या ओशिनेन तलावापासून (१५७८ मीटर) फ्रुंडेनहुटे या निवाऱ्यापर्यंत (२५६२ मीटर) जवळपास हजार मीटरची चढण आहे. फोटो, पाणी, दम खाणं धरून पाटीवरच्या वेळेत निदान तिसरा हिस्सा वाढवा आणि सकाळी लवकर निघा. उन्हाळ्यात दुपारनंतर ढग गडगडू लागतात, तेव्हा उघड्या कड्यावर असू नये.

खडकावरचा रंगही बघा. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट. तिथे पाय स्थिर हवेत. मधला पट्टा निळा दिसला, तर हिमनदी किंवा कड्यावरची चढाई असू शकते. अनुभव नसेल तर तिथूनच मागे फिरा. निवाऱ्यात मुक्काम असेल तर जागा आधी राखून ठेवा आणि झोपायची पातळ चादरपिशवी सोबत न्या.