सड्यावरची सायकल रिले: पहिल्यांदा उतरताय? या चुका टाळा

पहाटे साडेतीनला आमचा गडी फेरी संपवून बदलीच्या जागेवर आला, तेव्हा पुढचा मंडपात गाढ झोपेत होता. उठवला, तर एक बूट सापडेना, हेल्मेट कुणाच्या तरी पिशवीखाली, दिव्याची बॅटरी अजून चार्जिंगला. नऊ मिनिटं गेली. ती भरून काढायला आम्ही चौघांनी उजाडेपर्यंत चढावर जीव काढला, तरी भरली नाहीत.

सड्यावर, म्हणजे कोकणातल्या जांभ्या दगडाच्या कातळी पठारावर, होणाऱ्या १२ किंवा २४ तासांच्या माउंटन बाइक रिलेत संघातला एक जण वाटेवर फेरी मारत असतो आणि बाकीचे मंडपात. नवे संघ सगळा विचार वाटेवरच्या एकाचाच करतात. वेळ सांडतो तो मंडपात.

झोपेचं गणित न मांडणं

फेरी ४५ मिनिटांची धरा. चौघांनी आळीपाळीने एकेक फेरी मारली, तर दोन पाळ्यांमध्ये सव्वादोन तास मिळतात. अंग पुसणं, खाणं, सायकल बघणं यात पाऊण तास जातो आणि पुढच्या पाळीची तयारी अर्धा तास खाते. उरतो तासभर, आणि अंगात धग असताना त्यातही डोळा लागत नाही. म्हणून रात्री ११ ते पहाटे ५ प्रत्येकाने सलग दोन फेऱ्या माराव्यात. सहा तासांत चौघांची एकेक पाळी बरोबर बसते आणि मध्ये साडेचार तास मिळतात, म्हणजे तीन तास तरी सलग झोप. दुसरी फेरी थोडी मंदावते. मंदावू द्या.

सायकल न चालवणारा पाचवा माणूस सोबत घ्या. त्याच्याकडे एक वही द्यायची: कोण कधी निघाला, कधी परतायला हवा, पुढच्याला कधी उठवायचं. आमचा पुढचा संघ याच एका माणसामुळे सुधारला.

पहिल्या फेरीत उधळणं

सुरुवातीच्या गर्दीत सगळेच सुसाट निघतात. पहिल्या गड्याने एवढंच पाहायचं, की शेवटच्या फेरीतही हाच वेग झेपेल का.

नुसतं पाणी ढोसणं

कोकणात थंडीच्या दिवसांतही हवा दमट असते. घाम वाळत नाही, नुसता ओघळतो, त्यामुळे अंग थंड होत नाही. घाटावरच्या कोरड्या हवेत सराव केलेले चांगले तयारीचे लोक इथे पहिल्याच दुपारी ढेपाळताना मी पाहिलेत. त्यावर साधं पाणी पीत राहिलं, की रक्तातलं मीठ पातळ होतं, डोकं दुखतं, मळमळतं. ओआरएसचं लिटरचं पाकीट लिटरभर पाण्यातच घाला, अर्ध्या बाटलीत नको. कोकमाचं आगळ, साखर आणि पाणी हेही उत्तम चालतं, आगळात मीठ असतंच. वाटेवर तासाला साधारण ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात जायला हवं: केळी, खजूर, चिक्की. रात्री दोनला मात्र गोड काहीच घशाखाली उतरत नाही. तेव्हा थर्मासमधली मीठ घातलेली गरम पेज कामाला येते.

जांभ्याला हलक्यात घेणं

जांभा फुटतो तिथे त्याची कड सुरीसारखी असते. टायरची बाजू चिरली, तर सीलंट, म्हणजे ट्यूबलेस टायरमध्ये छिद्रं बुजवायला भरलेला द्रव, ती भरू शकत नाही. ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह काढा, चिरेच्या आतून जुन्या टायरचा तुकडा लावा, तो नसेल तर चिक्कीचं रिकामं पाकीट चौपदरी दुमडून लावा, मग ट्यूब घाला. हा तुकडा खिशातच हवा, मंडपात ठेवून उपयोग नाही. उन्हाळी हवेत सीलंट दोन-तीन महिन्यांत सुकतं. चाक कानाजवळ धरून हलवा, खळखळ ऐकू आली नाही तर नवं भरा. आणि पंक्चरच्या भीतीने हवा टणक भरू नका. ७० किलोच्या माणसाला ट्यूबलेसमध्ये २३ ते २६ पीएसआय पुरते. त्याहून जास्त भरली, की सुट्या खडीवर चाक उड्या मारतं.

घाईत चेनवर स्प्रे मारताना तेल मागच्या ब्रेकच्या डिस्कवर उडतं, ब्रेक किंचाळू लागतात आणि पकडही जाते. थेंबाथेंबाने सोडायचं तेल वापरा आणि डिस्कवर फडकं धरा. गिअर बदलणारा डिरेलर फ्रेमला ज्या तुकड्यावर बसतो, तो हँगर प्रत्येक सायकलचा वेगळा असतो, तेव्हा चौघांनी आपापला जादा हँगर आणावा. दिवेही दोन हवेत, एक हँडलला आणि एक हेल्मेटला. एकाच दिव्यात कातळावरचा खड्डा आणि सावली सारखीच दिसते.

पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूत, सराव केलात तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने सायकल धुवा.

बदलीचा सराव न करणं

शर्यतीआधी निदान दोन रात्री चौघांनी एकत्र या आणि फक्त बदली करा: अंधारात, दमलेल्या अवस्थेत, तुमची शर्यत जे देते तेच, बॅटन किंवा वेळ नोंदवणारी टायमिंग चिप, हातातून हातात देत. सरावासाठी राजापूर-रत्नागिरीकडचे सडे निवडलेत, तर आधी दिवसाउजेडी गावातल्या कुणाला तरी सोबत घेऊन वाट चालून बघा. या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली, पण सगळ्यांभोवती दगडी गडगा, म्हणजे कुंपण, नाही, आणि भर दुपारच्या उन्हात कोरलेली रेघ पटकन दिसतही नाही. दिसली, की उतरा आणि सायकल उचलून लांबून वळसा घाला.