दारू सोडणाऱ्याला साथ देताना या चुका टाळा

धाकटा भाऊ व्यसनमुक्ती केंद्रातून नाशिकमधल्या सातपूरच्या घरी आला, त्या दिवशी आईने पुरणपोळ्या केल्या होत्या. सहाव्या आठवड्यात तो पुन्हा प्यायला. साथ द्यायची म्हणून आम्ही जे जे केलं, त्यातलं बरंचसं चुकीचं होतं.

पाळत ठेवणे

त्याची कंपनीतली सेकंड शिफ्ट रात्री अकराला सुटते. सव्वाअकराला आमचे फोन सुरू व्हायचे. दारातच तोंडाचा वास घ्यायचा, खिसे चाचपायचे. याने तो प्यायचा थांबला नाही, लपवायला तेवढा शिकला. पुढे समुपदेशकांनी त्याच्यासमोरच ठरवून घेतलं की गेटबाहेर पडल्यावर तो स्वतः फोन करेल आणि आम्ही उलटतपासणी घेणार नाही. "प्यायलास का?" याऐवजी "आज कसं गेलं?" विचारायला लागल्यावर तो बोलू लागला. ओढ लागली की सांगू लागला.

जेवणात गुपचूप औषध घालणे

ही चूक सर्वांत धोक्याची आहे. एका नातेवाइकाने आम्हालाही पुडी आणून दिली होती, "वरणात कालव, कळणारही नाही" म्हणाले. अशा पुडीत नेमकं काय आहे, ते सांगता येत नाही. दारू सोडवण्यासाठी दिलं जाणारं डायसल्फिरम असेल तर दारू पोटात गेल्यावर तिचं पचन अर्धवट थांबतं आणि अॅसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य शरीरात साठतं. चेहरा लाल होतो, उलट्या, धडधड सुरू होते, रक्तदाब कोसळतो. जीवही जाऊ शकतो. म्हणून हे औषध डॉक्टर रुग्णाला सगळं समजावून, त्याच्या संमतीनेच देतात. आणि एकदा हे उघडकीस आलं की तो घरचं ताट विश्वासाने पुढे ओढत नाही.

"आजपासून एक थेंबही नाही" म्हणून रोज भरपूर पिणाऱ्याला घरात कोंडणंही तसंच. शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, दोन-चार दिवसांत भ्रम होऊ शकतो. आधी डॉक्टर गाठा.

उधारी फेडणे, खोटं सांभाळणे

सुपरवायझरला "ताप आलाय" असं मीच सांगायचो. त्याची उधारीही मीच फेडली. दोन्ही बंद केलं तेव्हा वाईट वाटलं, पण करायलाच हवं होतं.

सगळा भार घरानेच उचलणे

पिणाऱ्याची तगमग पिऊन थांबलेल्यालाच नीट कळते. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अॅक्रन गावात एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही दारूच्या विळख्यातले, एकमेकांशी बोलत राहिले. त्यातून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी मीटिंगमध्ये एकमेकांना आधार द्यायचा गट, उभं राहिलं. पिणाऱ्याच्या घरच्यांसाठीचा तसाच गट, अल-अॅनॉन, १९५१ चा. पुण्यात १९८६ पासून चालणारं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रही घरच्यांना सोबत घेऊनच उपचार करतं. माझ्या भावजयीला कुणी विचारतच नव्हतं. सगळे तिला "तू सांभाळून घे" एवढंच सांगायचे. अशाच घरांतल्या इतर बायकांसोबत बसून ती पहिल्यांदा मोकळेपणी रडली.

आणि मित्र तोडायला लावलेत, तर ती जागा कशाने भरणार? पगाराच्या संध्याकाळी "बसायला" बोलावणारे दोघे सुटले, तेव्हा त्याचे रविवार रिकामे झाले. मग मीटिंगमधल्या दोघांबरोबर पहाटे पांडवलेणी चढायची आणि उतरल्यावर मिसळ खायची, असं सुरू झालं. रंगपंचमीला रहाडीवर, म्हणजे रंग खेळायच्या हौदावर, जायचं का, हे तो त्यांना आधी विचारतो. गेला तर त्यांच्याबरोबरच जातो.

घसरला की "सगळं पाण्यात गेलं" म्हणणे

आम्ही हेच म्हणालो आणि तो आणखी चार दिवस पीत राहिला. घसरल्याच्या दिवशीच समुपदेशकाला फोन करा. मधल्या काळात शरीराची सवय कमी झालेली असते, जुनं प्रमाण आता जास्त होतं. अफू, हेरॉइनसारख्या नशेत तर ते जिवावर बेततं. ओळखीचं कुणी नसेल तर नशामुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ हे मोफत क्रमांक आहेत. हे नंबर पिणाऱ्याच्या बायकोने, आईनेही लावावेत. तो तयार होईपर्यंत थांबायची गरज नाही.